राख, चिंच आणि फटफटीची झळाळी

धातूचे भांडे स्वच्छ करणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी कधीच क्षुल्लक मानली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. कथील, शिसे व तांबे यांस क्षार, आम्ल आणि पाणी. कासे व लोखंड यांस राख आणि पाणी. अशी धातूगणिक निरनिराळी योजना तेथे सांगितली आहे. ज्या ग्रंथावरील मिताक्षरा टीका आपल्याच दक्षिणेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली, त्या ग्रंथाने धर्माच्या जोडीस भांडी घासण्याचाही विचार करावा, याचे मला विद्यार्थिदशेत मोठे नवल वाटे. पुढे ध्यानात आले की, यात नवल काहीच नाही. आपल्या आज्यापणज्यांनी स्मृती वाचली नव्हती, तरी देवघरातील तांब्याच्या ताम्हनास चिंच आणि चुलीवरच्या लोखंडी तव्यास राख हा भेद त्यांच्या हातांस पुरता ठाऊक होता. जसा धातू तसे त्याचे शौच, हे सूत्र त्या कृतीत होते.

परंतु गेल्या दोन पिढ्यांत आपल्या ओसरीपुढे धातूची एक अशी वस्तू येऊन उभी राहिली आहे की, जिची तजवीज कोणत्याही स्मृतिकारास करता आली नसती. पूर्वी तिला फटफटी म्हणत. हल्लीची मुले नुसते ‘गाडी’ म्हणतात. आमचा जिल्हा तर दुचाकीचे माहेरघरच झाला आहे. कारण वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्या भागातील कित्येक घरांतील मुलगा अगर जावई दुचाकी बनविण्याच्या किंवा तिचे सुटे भाग घडविण्याच्या कामास लागला. सोयगावासारख्या अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी वसलेल्या तालुक्याच्या गावी गाडीवाचून चालत नाही. जिल्ह्याचे ठिकाण डोंगरापलीकडे शंभरेक किलोमीटर, शेत गावापासून लांब, वेताळवाडीचा घाट चढावयाचा, फर्दापुरास पाहुणे आणावयास जावयाचे, तर ही फटफटीच कामास येते. साहजिकच तिची निगा हा घरातील एक विषय झाला आहे, आणि नातवाच्या गाडीवर आजीचा, मुलाच्या गाडीवर वडिलांचा हात फिरू लागला आहे. हा हात प्रेमाचा असतो. पण तो पितळेवर शिकलेला असतो, आणि सारा घोटाळा येथेच आहे.

मोटारसायकलीवर चकाकणारे जे भाग दिसतात ते बहुधा दोन जातींचे असतात. इंजिनाची दोन्ही बाजूंची झाकणे, चाकांचे गाभे, काही गाड्यांच्या चाकांच्या कडा हे भाग ॲल्युमिनियमचे. सायलेन्सरची नळी, हँडल, आरशांचे दांडे, जुन्या गाड्यांचे मडगार्ड व दिव्याची चौकट हे पोलादाचे, व त्यांवर क्रोमियमचा मुलामा. लांबून दोन्ही चांदीसारखे दिसतात, म्हणून आपण दोहोंस एकच फडका आणि एकच डबी लावतो. वस्तुतः ॲल्युमिनियमची झळाळी बेताने घासून आणावी लागते, आणि क्रोमची झळाळी घासल्याने जाते. हा एवढा भेद कळला तर गाडीही टिकेल आणि पैसाही वाचेल.

प्रथम चिंचेचे काम काय ते पाहू. तांब्यापितळेवर हवेने जो काळपट थर चढतो तो त्या धातूचाच गंज होय. चिंचेतील टार्टारिक आम्ल तो थर विरघळविते, मीठ त्यास साह्य करते, आणि खाली नवा धातू उघडा पडतो. म्हणून समई क्षणात उजळते. राखेचे काम निराळे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तो तेलातुपाचा ओशटपणा कापतो, आणि राखेचे बारीक कण घासणीचे काम करतात. तांबे, पितळ, लोखंड यांस हे सर्व मानवते.

ॲल्युमिनियम या कुळात फार उशिरा जन्मले. मातीत ते विपुल असूनही ते मातीपासून सोडविणे इतके दुर्घट होते की, १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर जी टोपी बसविली ती मौल्यवान वस्तू म्हणून ॲल्युमिनियमची केली होती. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्सात एरू या दोघा तरुणांनी विजेच्या साह्याने ते स्वस्तात काढण्याची रीत एकमेकांच्या नकळत शोधून काढली, आणि हा राजधातू पाहता पाहता पातेल्यांत आला. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करविण्यास आरंभ केला. आज ‘हिंडालियम’ म्हणून ज्या कढया स्वयंपाकघरात आहेत त्याही याच धातूच्या मिश्रणाच्या.

या धातूचा स्वभाव चमत्कारिक आहे. उघडा पडताच तो हवेतील प्राणवायू घेऊन आपल्या अंगावर एक पारदर्शक कवच चढवितो. हे कवच मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही पातळ असते, पण असते मोठे चिवट. म्हणून ॲल्युमिनियमचे भांडे लोखंडाप्रमाणे गंजून झडत नाही. मात्र रसायनशास्त्रात ज्यास उभयधर्मी म्हणतात तशा जातीचे हे कवच असल्यामुळे ते आम्लातही विरघळते आणि क्षारातही विरघळते. चिंच, लिंबू हे त्याचे एक शत्रू. राख, धुण्याचा सोडा, कॉस्टिक हे दुसरे. म्हणजे आपल्या घरात शुद्धीची म्हणून जी जी द्रव्ये आहेत, नेमकी तीच या धातूस बाधक. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचे सार ठेवू नये असे गृहिणी म्हणतात. पण हाच नियम अंगणातील गाडीसही लागू आहे हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आमच्याच गल्लीत एका घरी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी असे घडले. नातू कामावर गेला असता आजीबाईंनी देवाची उपकरणी घासता घासता उरलेल्या चिंचेने व राखेने त्याच्या गाडीच्या इंजिनाची झाकणेही घासून ठेवली. त्यांचा हेतू इतकाच की, उद्या शस्त्रांची पूजा, तर नातवाचे वाहनही उजळ असावे. घासताना झाकणे उजळ दिसलीही. परंतु वाळल्यावर त्यांच्यावर पांढुरकी, खडूसारखी छटा उमटली, आणि ती फडक्याने जाईना. मुलगा शहाणा, त्याने आजीस काही म्हटले नाही. झाकणांवर राखेच्या कणांचे बारीक ओरखडे होते आणि क्षाराने पृष्ठभाग खाल्ला गेला होता. अशी इजा वरवरचीच असते व ती दुरुस्त होते; मात्र तिला श्रम पडतात.

खंडेनवमी व दसरा यांचा विषय निघालाच आहे तर पूजेविषयीही दोन शब्द सांगतो. वाहनाची पूजा अवश्य करावी, आम्हीही करतो. परंतु लिंबू चाकाखाली ठेवावयाचे ते चाकाखालीच असावे. ते इंजिनावर पिळू नये. नारळाचे पाणी शिंपडलेच तर नंतर साध्या पाण्याने ते धुऊन काढावे. ओले कुंकू ॲल्युमिनियमवर लावल्यास त्याचा डाग बसतो; म्हणून गंध-कुंकवाचे बोट टाकीच्या अगर मडगार्डाच्या रंगावर लावावे. झेंडूची माळ तर संध्याकाळी काढून टाकावी. पुष्कळ लोक ती कोजागरीपर्यंत हँडलवर वाळू देतात. तिच्या खाली दव आणि फुलांचा ओलावा साचून राहतो, आणि माळ काढल्यावर क्रोमवर तिच्या आकाराचे तांबूस ठिपके दिसतात. देवघरातील निर्माल्य आपण दुसऱ्या दिवशी काढतो. तोच न्याय येथेही लावावा.

आता ॲल्युमिनियम उजळावयाचे ते कसे? झळाळी म्हणजे सपाटपणा. पृष्ठभागावर उंचसखल कमी असेल तर प्रकाशाचे किरण एका दिशेने परततात आणि प्रतिबिंब दिसते. ओरखडे असतील तर किरण विखुरतात आणि धातू फिका दिसतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात प्रसाधन करणाऱ्या राजकन्येचे जे सुप्रसिद्ध चित्र आहे, तिच्या हातात गोल आरसा आहे. पंधराशे वर्षांपूर्वीचा तो आरसा म्हणजे घोटून घोटून गुळगुळीत केलेला धातूच. त्या काळच्या कारागिरांस जे साधले तेच, थोड्या प्रमाणात, आपणांस इंजिनाच्या झाकणावर साधावयाचे आहे.

परंतु घासावयास बसण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. पुष्कळ गाड्यांच्या ॲल्युमिनियमवर कारखान्यातच पारदर्शक लाखेसारखा लेप दिलेला असतो. तो लेप शाबूत असता पॉलिश घासणे म्हणजे भिंगाच्या चष्म्यावर वाळू घासण्यासारखे आहे. परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन झाकणाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर घासावे. फडका काळा झाला तर धातू उघडा आहे असे समजावे. ते काळे म्हणजे निघालेला धातूच. फडका पांढराच राहिला तर वर लेप आहे, आणि तेथे साबणाचे पाणी व मऊ फडका यांपलीकडे काही करू नये. लेप कोठे कोठे सुटून त्याखाली पांढुरके जाळे पसरले असेल तर मात्र सारा लेप काढूनच पुढे जावे लागते. ते काम कुशल मिस्त्रीकडे सोपवावे हे बरे.

धातू उघडा असून नुसता मंदावला असेल तर ॲल्युमिनियमसाठी मिळणारे मलमासारखे पॉलिश जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर घेऊन थोड्या थोड्या जागेवर घासावे आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढावे. फडका काळा झाला की पालटावा. काळ्या फडक्याने घासत राहिल्यास निघालेली घाणच पुन्हा धातूवर रगडली जाते. ओरखडे खोल असतील, अगर वर सांगितल्याप्रमाणे पृष्ठभाग खाल्ला गेला असेल, तर वॉटर पेपरचा उपयोग करावा लागतो. प्रथम ४०० किंवा ६०० क्रमांकाचा, मग ८००, मग १२००, शेवटी २००० क्रमांकाचा, असा चढत्या क्रमाने कागद पाण्यात भिजवून फिरवावा. यात उतावीळपणा करणारा फसतो. प्रत्येक कागदाने मागील कागदाचे ओरखडे पुरते नाहीसे झाल्यावाचून पुढचा कागद हाती घेऊ नये. आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा पालटावी, म्हणजे मागचे ओरखडे राहिले की गेले ते दिसते. वर्गात आम्ही मुलांस पाढे याच रीतीने शिकवीत असू. बारा पक्का झाल्यावाचून तेरा नाही.

बफिंगवाल्याच्या दुकानात जी हिरवी वडी फिरत्या चाकास लावतात, ती क्रोमियमच्या भस्माची असते. म्हणजे ॲल्युमिनियमला अखेरची झळाळी क्रोमियमच देते. क्रोमियमचे मूळ नावच रंगावरून पडले आहे. १७९७ साली फ्रान्सात व्होकलॅं याने सैबेरियातील एका तांबड्या खनिजातून हा धातू ओळखला, आणि त्याचे क्षार नाना रंगांचे म्हणून ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याचे नामकरण झाले. माणकाचा लाल रंग आणि पाचूचा हिरवा रंग, दोन्ही याच्याच अंशामुळे.

मुलामा म्हणून क्रोमियम वापरणे मात्र अगदी अलीकडचे. १९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी विजेने क्रोमियम चढविण्याची भरवशाची रीत बसविली, आणि थोड्याच वर्षांत मोटारीचे भाग निकेलऐवजी क्रोमने चमकू लागले. निकेल पिवळसर होऊन मंदावते; क्रोम निळसर शुभ्र राहते, म्हणून ते लोकांस आवडले. आपल्याकडे १९६० च्या दशकात म्हैसूरच्या कारखान्यातून जावा गाडी निघू लागली, तिच्या टाकीच्या दोन बाजूंस क्रोमचे पट्टे असत. पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. त्या गाड्या जपणारी माणसे महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत, आणि कोणा वडिलांची किंवा आजोबांची गाडी घरात राहिली असेल तर तिचे क्रोम वाचविणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

क्रोमची निगा समजावयास कल्हईची आठवण उपयोगी पडेल. पितळेच्या पातेल्यास कल्हईवाला नवसागर टाकून कथलाचा हात फिरवी, आणि आई बजावी की, कल्हईचे भांडे वाळूने घासू नका. क्रोम हीही एक कल्हईच, पण तिच्याहून कितीतरी पातळ. शोभेच्या क्रोमचा थर साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. तेव्हा केसाच्या जाडीत क्रोमचे शंभराहून अधिक थर मावतील! त्याच्या खाली निकेलचा दहा ते तीस मायक्रॉनचा थर असतो, आणि पोलादाचे खरे रक्षण हे निकेलच करते. क्रोम वरची शोभा व कठीणपणा देते इतकेच.

येथे स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांमुळे आपली फसगत होते. तो धातूही क्रोमियममुळेच गंजत नाही, आणि त्यास तारेच्या घासणीने खसाखसा घासले तरी चालते. पण स्टीलच्या वाटीत क्रोमियम आरपार मिसळलेले असते. वरचा थर गेला तरी खाली तोच धातू असतो. फटफटीच्या हँडलवर ते नुसते कातड्यासारखे आहे. ते गेले की गेले.

क्रोम अत्यंत कठीण असते. रस्त्यावरच्या धुळीने त्यास सहसा ओरखडा पडत नाही. परंतु एमरी पेपर, भांड्यांची खरखरीत पूड, तारेची घासणी यांनी ते झिजते. आणि फरशी धुण्याचे जे ॲसिड घरात असते त्याने तर ते चक्क विरघळते. ती बाटली गाडीच्या जवळपासही नेऊ नये. आणखी एक गोष्ट अशी की, क्रोमच्या थरास डोळ्यांस न दिसणारी अतिसूक्ष्म छिद्रे आणि भेगा असतात. त्यांतून ओलावा आत शिरतो, निकेल जेथे पातळ असेल तेथे पोलाद गाठतो, आणि मग सुईच्या टोकाएवढा तांबडा ठिपका वर येतो. लोक त्यास क्रोमचा गंज म्हणतात. तो क्रोमचा नव्हे, खालच्या लोखंडाचा.

असे ठिपके नवे असता एक साधा उपाय आहे, आणि तो मला फार आवडतो. पोळ्या गुंडाळावयास घरात ॲल्युमिनियमचा जो चंदेरी कागद असतो, त्याचा बोळा करून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने त्या ठिपक्यांवर फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमहून पुष्कळ मऊ असल्याने क्रोमला इजा होत नाही, पण गंज सुटून येतो व पाण्यात तपकिरी राड होते. ती धुऊन जागा पुरती कोरडी करावी आणि तिच्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. पाहा, हिरव्या वडीतील क्रोमियम ॲल्युमिनियमला उजळते आणि चंदेरी कागदातील ॲल्युमिनियम क्रोमला उजळते. दोघांनी परस्परांची सेवा करावी अशीच जणू योजना आहे. मात्र पापुद्रे सुटून कडा वर आल्या असतील तर तेथे हात फिरवू नये. त्या कडा बोट कापतात, आणि तो भाग कोणत्याही पॉलिशने पूर्ववत होत नाही.

सायलेन्सरच्या नळीवर इंजिनापाशी पिवळी, जांभळी, निळी छटा येते ती घाणीची नव्हे. अति उष्णतेने क्रोमवरील गंजाचा पारदर्शक थर जाड होतो आणि साबणाच्या फुग्याप्रमाणे त्यात रंग दिसतात. सौम्य पॉलिशने ती छटा कमी होते. पण ती वारंवार गडद होऊन येत असेल तर पॉलिश घासत बसण्यापेक्षा इंधनाचे मिश्रण विरळ तर झाले नाही ना, अगर नळीच्या सांध्यातून हवा तर शिरत नाही ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. येथे रंग हा रोग नव्हे, लक्षण होय.

आता नित्याच्या धुण्याविषयी. आमच्या भागाची काळी माती कापसास अमृत आणि गाडीस विष आहे. ओली असता ती लाडूसारखी चिकटते, फुगते, पाणी धरून ठेवते. मडगार्डाच्या आतून बसलेला तिचा थर वरून वाळलेला दिसला तरी आतून दिवसचे दिवस ओला असतो. बाहेरून चकचकीत दिसणारे मडगार्ड आतून कुजते ते या कारणाने. म्हणून शेतातून आल्यावर चिखल कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. त्यातील वाळूचे कण मऊ ॲल्युमिनियमवर रेघोट्या ओढतात. प्रथम पाण्याने भिजवावे, थोडा वेळ थांबावे, मग सोडावे. आणि मडगार्डाच्या आतील बाजूस हात घालावयास विसरू नये. इंजिन तापलेले असता त्यावर पाणी ओतू नये. साबण सौम्य असावा. रिठ्याचे पाणीही चालते. धुण्याचा सोडा नको. उन्हात धुऊ नये, कारण आमच्या बोअरच्या जड पाण्यातील चुना पाणी सुकताच पांढरे ठिपके होऊन बसतो. सावलीत धुऊन लगेच कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. मला विचाराल तर साऱ्या डब्या-बाटल्यांहून हे टिपून घेणेच अधिक मोलाचे आहे.

खताच्या पोत्याची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पेरणीच्या दिवसांत गाडीवर पोते लादून नेतात. पोटॅश म्हणून जे खत मिळते ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच कुळातील. क्लोराइड हे ॲल्युमिनियमच्या कवचास व क्रोमखालच्या लोखंडास सारखेच घातक. ते एकेका ठिकाणी खड्डा पाडते. कोकणात समुद्राच्या वाऱ्याने जे नुकसान होते तेच आमच्याकडे एका फाटक्या पोत्याने होते. खत सांडले असेल तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने गाडी धुवावी, उद्यावर टाकू नये.

काही ठिकाणी गाडी धुतल्यावर तिच्यावर डिझेलचा फवारा मारून देतात. गाडी तेवढी चमकते, आणि ग्राहक खूश होतो. परंतु डिझेल रबरास फुगविते व धूळ धरते. ते न मारण्यास स्पष्ट सांगावे. तसेच कोणतेही पॉलिश, मेण, तेल टायरवर, ब्रेकच्या चकतीवर किंवा ड्रमात जाऊ देऊ नये. चकतीवर तेलाचे बोट लागले तर घाटात ब्रेक धरीत नाही, आणि तेथे झळाळी कामास येत नाही. साखळी साफ करताना इंजिन बंदच असले पाहिजे. चाक फिरते ठेवून फडका धरण्याची खोड पुष्कळ तरुणांस असते. फडका साखळीत सापडला की बोट त्याच्या मागोमाग जाते. घरातील वडील मंडळींनी या एका बाबतीत संकोच न करता रागावावे.

हाताने गाडी पुसण्याचा एक लाभ असा की, नजर प्रत्येक भागावरून फिरते. ढिली झालेली चाकी, तुटलेली आरी, इंजिनाच्या सांध्यातून झिरपणारे तेल हे सर्व पुसणाऱ्यास दिसते. यंत्राने पाण्याचा झोत मारणाऱ्यास दिसत नाही. आमचे कित्येक तरुण रविवारचा अर्धा दिवस गाडी चमकविण्यात घालवितात, त्यांची थट्टा होते. मी त्या थट्टेत सामील होत नाही. मात्र टाकी आरशासारखी आणि पुढचा टायर गुळगुळीत, असे पाहिले की मला तो मुलगा शुद्धलेखन सुंदर पण गणित सारे चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा वाटतो.

पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी ठेवावयाची असेल तर ती धुऊन, पुरती वाळवून, क्रोमच्या भागांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल लावू नये. ते धूळ ओढते व कालांतराने खवट चिकट होते. गाडी प्लास्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडून घाम सुटतो. सुती चादर पांघरून हवेशीर ओसरीत ठेवावी.

एवढे करूनही एखादा भाग हाताबाहेर गेला तर तो पुन्हा क्रोम करवून घ्यावा लागतो. येथे वाचकांनी एक गोष्ट समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते. क्रोम चढविण्याच्या जुन्या व अजूनही चालू असलेल्या रीतीत हौदात क्रोमिक आम्ल असते. वीज सुरू होताच त्यातून बारीक तुषार उडतात. ते कातडीस लागून न भरणाऱ्या जखमा पडतात, नाकाच्या आतील पडद्यास भोक पडते, आणि षट्संयुजी क्रोमियमच्या या रूपाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच त्याची गणना मनुष्यास निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे. स्टीलच्या भांड्यातील वा गाडीवरील तयार क्रोम तसे बाधक नाही. बाधा हौदापाशी उभ्या असलेल्या माणसास होते. आपण दहा रुपयांच्या खरखरीत पुडीने जो थर घासून घालवितो, तो परत चढविताना कोणाचा तरी श्वास खर्ची पडतो. त्रिसंयुजी क्रोमियमची तुलनेने सौम्य रीत आता उपलब्ध आहे. तिचा रंग किंचित गडद येतो, आणि जुन्या क्रोमशेजारी तो ओळखू येतो इतकेच. भाग देण्यासाठी कारखान्यात जाल तेव्हा भाव विचारण्याआधी आत एक दृष्टी टाकावी. हौदाच्या काठाशी वाफ ओढून घेणारी यंत्रणा आहे काय, कामकऱ्यांच्या हातांत मोजे व नाकावर साधन आहे काय, आणि हौदाचे वापरलेले पाणी कोठे सोडतात, हे मालकास सरळ विचारावे. उघड्या गटारात पाणी सोडणाऱ्यास काम देऊ नये, मग त्याचा भाव कितीही कमी असो.